तू न लिहिलेले तास

मनोहर, वॉल्टर काल पुन्हा येऊन गेला. तुझा साहेब म्हणून मी इतकी वर्षं ज्याच्यावर दातओठ खाल्ले, तोच माणूस आता दर तीन-चार दिवसांनी आपल्या दारात उभा असतो. कधी बायकोने दिलेलं पास्त्याचं भांडं घेऊन, कधी नुसताच. काल त्याने आपलं गवत कापलं. मी नको नको म्हणत होते, पण त्याने गॅरेजमधून मशीन बाहेर काढलंसुद्धा. मग स्वयंपाकघरात येऊन चहा मागितला. आल्याचा चहा त्याला झेपत नाही, दर घोटाला डोळे मिटतो, पण तोच मागतो.

कप खाली ठेवून तो म्हणाला, "शशी, आय शुड हॅव मेड हिम राइट इट डाउन."

हे वाक्य मी तुला मराठीत किती वर्षं ऐकवलं. लिही रे बाबा, लिहून ठेव, एकदा तरी खरं लिही. माझ्या तोंडी ती कटकट होती. वॉल्टरच्या तोंडी ते ऐकलं आणि मी सिंककडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आवरेना.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. माणसं येतात, सोफ्यावर बसतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. मनोहर किती हुशार, किती शांत, कुणाला कधी नाही म्हणाला नाही. हे शेवटचं ऐकलं की माझं डोकं फिरतं. बाहेरच्यांना नाही म्हणाला नाहीस हे अगदी खरं आहे. आम्हाला मात्र भरपूर वेळा म्हणालास, फक्त तो शब्द न वापरता. मी इथे तुझी स्तुती करायला बसलेली नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते पुरं करायला बसलेय. आता तू मध्ये बोलणार नाहीस. ही सोय मला नको होती रे.

आपल्या घरात दोन तऱ्हांचे नोकरदार होते. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तासावर. सकाळी सातला कार्ड यंत्रात घालायचं, दुपारी साडेतीनला पुन्हा घालायचं, मध्ये रक्ताच्या नळ्या. जास्त थांबवलं तर दीडपट पैसे, म्हणून कुणी उगाच थांबवतच नसे. तू विमा कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात पगारी, आणि त्यातही 'एक्झेम्प्ट'. म्हणजे ओव्हरटाइमचा कायदा तुला लागू नाही, किती का वेळ थांब, पगार तेवढाच. नोकरीचं पत्र आलं तेव्हा तू तो शब्द मला दोनदा वाचून दाखवलास. डॉक्टरेट मिळाल्यासारखा चेहरा झाला होता तुझा. "शशी, आता आपले तास कुणी मोजणार नाही," म्हणालास.

मी म्हटलं, "मोजणार नाहीत. न मोजता घेतील."

तू हसलास. तेव्हा आपण नवे होतो, अमेरिकेतल्या त्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये खुर्च्यासुद्धा दोनच होत्या, सगळ्याचंच हसू यायचं.

खोटं बोलणार नाही, सकाळी तू आमचाच होतास. मी साडेसहाला बाहेर पडायचे, तेव्हा सुजाता झोपलेली असायची. तिला उठवणं, दात, दूध, वेणी, बस, सगळं तुझ्याकडे. वेणी घालायला तू शिकलास ते मला अजून आठवतं. एक बाजू कानाच्या वर आणि एक मानेवर. तिच्या बाईंनी शाळेत हळूच विचारलं होतं की घरी सगळं ठीक आहे ना. पण सुजाताने मला एकदाही ती वेणी बदलू दिली नाही. लॅबमधल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, तुझा नवरा केस विंचरतो? मी मान ताठ करून हो म्हणायचे. त्याबद्दल तुला कधी नीट शाबासकी दिली नाही, ती आज घे.

संध्याकाळी मात्र तू नसायचास. साडेपाचला फोन यायचा, "निघतोच आहे." सहाला फोन, "तुम्ही जेवून घ्या." सुजाता तो दुसरा फोन स्वतः उचलायची आणि तू काही बोलायच्या आत म्हणायची, "ओके डॅडी, वुई विल ईट." पुढे पुढे तर ती ताटं मांडताना दोनच मांडायची. मी तिसरं मांडायचे, आणि जेवणं झाल्यावर ते तसंच उचलून ठेवायचे. तुला सांगितलं होतं मी हे. तू म्हणालास, या महिन्याचं काम संपू दे. तुमच्या त्या खात्यात महिने संपायचे, काम तेवढं संपायचं नाही.

आणि मग ती कॉम्पची गोष्ट आली. तूच आणलीस घरी, हे विसरू नकोस. जुन्या सिस्टिममधून सगळ्या पॉलिसी नव्या सिस्टिममध्ये घालायचं काम निघालं होतं, शनिवार-रविवार माणसं लागत होती, आणि दोघं जण नोकरी सोडून गेले. तेव्हा वॉल्टरने आपल्या खात्यापुरती एक पद्धत सुरू केली. कायद्याने कंपनी काही देणं लागत नव्हती. पण प्रत्येकाने दर शुक्रवारी एका कागदावर रोजचे तास लिहायचे, आठवड्याचे चाळीस भरल्यावर वर जे होतील त्याची पुढे सुट्टी मिळेल. तिलाच सगळे कॉम्प म्हणत.

त्या संध्याकाळी तू चक्क सहाच्या आत घरी आलास. बूट न काढता स्वयंपाकघरात आलास आणि म्हणालास, "शशी, पाच आठवडे! नागपूरला पाच आठवडे जाऊ. दोन आठवड्यांची रजा आणि वर तीन आठवडे कॉम्प. वर्षभरात सहज होतील."

सहज झाले असते. झालेच. त्याहून किती जास्त झाले असतील ते मला विचार.

मामाजींसाठी जायचं होतं ना आपल्याला, तुझ्या बाबांसाठी. सुजाता तीन वर्षांची असताना आपण दोन आठवडे गेलो होतो. दोन दिवस जाण्यात, दोन येण्यात, मग तिला जुलाब, मग तुझ्या बहिणीच्या घरचं लग्न. मामाजींच्या वाट्याला ती आली ती अंगात ताप असलेली आणि किरकिरी. त्यांच्या मांडीवर बसेना. विमानतळावर ते मला म्हणाले होते, "पोरीले माही सवय होईस्तोवर तुम्ही चालले." तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पत्रात तोच प्रश्न असायचा, कधी येता. त्यांना इकडे बोलावून पाहिलं, तर म्हणाले, मी तिथे कोणाशी बोलू. बरोबरच होतं त्यांचं. पाच आठवडे म्हणजे सुजाताला आजोबांची भाषा कळायला लागली असती आणि त्यांना तिची.

मी तयारीला लागले. हॉस्पिटलमध्ये बिनपगारी रजेचं विचारून ठेवलं. सुजाताला रोज संध्याकाळी मराठी वाचायला बसवायला लागले. ती "व्हाय?" म्हणायची, मी म्हणायचे, "आजोबांशी बोलायला."

आणि मग तुमच्या खात्याची पिकनिक. जुलैचं ऊन, मक्याची कणसं, वॉल्टर एप्रन घालून बर्गर भाजतोय. मी प्लेट घेऊन त्याच्यासमोर उभी होते. गप्पा मारायच्या म्हणून म्हटलं, आमच्या नागपूरच्या ट्रिपला तीन आठवड्यांचा कॉम्प देणार आहेस ना? त्याचा हात थांबला. तो म्हणाला, देईन की, आनंदाने देईन, पण मनोहरच्या नावावर कॉम्प नाहीच. "एव्हरी फ्रायडे, फॉर्टी अवर्स. एट, एट, एट, एट, एट." त्याला वाटायचं तू शनिवारी स्वतःच्या हौसेने येतोस. दोनदा विचारलं म्हणे त्याने. तू म्हणालास, "इट्स फाइन."

बाजूला तुमचा तो अविनाश उभा होता, साताऱ्याचा. तो म्हणाला, "काय वहिनी, हा माणूस वेडा आहे. मी तर दर महिन्याला एक शुक्रवार टाकतो, फिशिंगला जातो. यार, शनिवारी काम करतो तर लिहायला काय होतं?"

काय होतं, हेच मी तुला परतताना गाडीत विचारलं. सुजाता मागे झोपली होती. मी चिडले की आवाज खाली जातो, तुला ठाऊक होतं. तू समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलास. मी म्हटलं, "दर शनिवारी तू गेलास, मी एकटीने लाँड्री, बाजार, हिचे क्लासेस सगळं केलं, कारण मला वाटत होतं की हे सगळं नागपूरच्या खात्यात जमा होतंय. आणि तू आठ आठ लिहीत बसलास? आठ?"

"लिहीन पुढच्या वेळी," तू म्हणालास.

"या शुक्रवारी."

"या शुक्रवारी."

त्या शुक्रवारी तू लवकर आलास. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलास, आणि मी न विचारताच म्हणालास, "शशी, हात जात नाही गं." पेन हातात घेतलं, खरा आकडा डोक्यात होता, आणि लिहिलं पुन्हा आठ. तुझा चेहरा असा झाला होता की मला पुढे रागावता येईना.

तेव्हा पहिल्यांदा तू मला ते सांगितलंस. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी आधी कधी बोलला नव्हतास. तू सातवीत असशील. शाळेत जाताना मामाजींचा डबा गिरणीच्या गेटवर द्यायचास. एक दिवस गेलास तर ते गेटच्या बाहेरच्या पुलावर बसलेले. भोंगा होऊन गेट बंद झालं होतं, थोडक्यात चुकलं होतं त्यांचं, आणि त्या दिवसाची हजेरी गेली होती. घरी परत जायची लाज वाटत होती म्हणून ते तिथेच बसून होते. तुला बघून म्हणाले, आईले सांगू नको. मग डबा उघडून त्यातली अर्धी भाकर तुला दिली. तुम्ही दोघं पुलावर बसून जेवलात आणि तू शाळेत गेलास. त्या दिवशी तू ठरवलंस की आपण असं शिकायचं की आपल्या वेळेवर कुणाचा भोंगा चालणार नाही, आणि आपण कुणाला तासांचा हिशेब देणार नाही.

"वॉल्टर चांगला आहे," तू म्हणालास, "पण तो कागद समोर आला की मी पुन्हा त्या पुलावर बसतो."

मी उठून तुझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिथेच आपलं भांडण थांबलं. मला आता वाटतं, थांबायला नको होतं. तुझ्या बापाला पुलावर बसवणारं गेट निराळं आणि हा कागद निराळा, हे मला त्याच वेळी म्हणायचं होतं. तिथे तुझ्या बापाचा दिवस काढून घेतला होता. इथे एक साहेब तुझे दिवस तुला परत द्यायला उभा होता, आणि ते घ्यायला तुझा हात जात नव्हता. हे इतकं स्पष्ट मला आज सुचतंय. त्या दिवशी नुसतीच तुझी दया आली.

माझ्या कार्डाचंही तुला तसंच व्हायचं. माझी गाडी बिघडली होती तेव्हा तू मला घ्यायला लॅबमध्ये आलास. आम्ही सगळ्या यंत्रापुढे रांगेत उभ्या होतो, हातात कार्ड, गप्पा चालू. तू दारातून मला पाहिलंस आणि बाहेर निघून गेलास. गाडीत म्हणालास, "तू एम.एस्सी. आहेस, शशी. कार्ड घेऊन रांगेत?" मी म्हटलं, "त्या यंत्रामुळे मी रोज चारला घरी असते. तुझं काय?" तू रेडिओ लावलास. मग घर येईपर्यंत आपण दोघांनी बेसबॉल ऐकला, ज्यातलं दोघांनाही काही कळत नव्हतं.

तो ट्रिपचा बेत मग दोन आठवड्यांवर आला. दोन आठवड्यांसाठी एवढं भाडं कशाला, म्हणून पुढच्या वर्षावर गेला. पुढच्या वर्षी कंपनीने दुसरी कंपनी विकत घेतली, मग त्यांच्या पॉलिसी. तुला आठवतं, मी मामाजींना पत्र लिहायला बसायचे आणि 'कधी येता' याच्या उत्तराची जागा तुझ्यासाठी मोकळी सोडायचे? तू तिथे लिहायचास, 'सुट्टी मिळाली की लगेच.'

पण एक दिवस दिलास तू आम्हाला, तो मी विसरणार नाही. मागच्या हिवाळ्यात एवढा बर्फ पडला की शेरीफने रस्ते बंद केले. तू सकाळी दोनदा वॉल्टरला फोन केलास, यायचा प्रयत्न करू का म्हणून. तिसऱ्यांदा फोन उचललास तेव्हा सुजाताने वायर हातात धरली आणि म्हणाली, "डॅडी, द शेरीफ सेड नो." मग तू मोकळा झालास. दुपारी तू स्वयंपाकघर ताब्यात घेतलंस, मला बाहेर काढलंस आणि मटण केलंस, तुमच्या घरच्यासारखं, डोळ्यांतून पाणी येईल असं. सुजाता पाणी पीत पीत जेवली. संध्याकाळी तुम्ही दोघं गालिच्यावर पत्ते खेळत होतात, ती उघड उघड लबाडी करत होती आणि तू ती पकडत नव्हतास. मी शिवण घेऊन बसले होते, पण शिवलं काहीच नाही. तुमच्याकडे बघत राहिले. झोपताना ती मला म्हणाली, उद्याही बर्फ पडू दे. मी तिला म्हटलं, असं म्हणू नये, लोकांचे हाल होतात. मीही मनात तेच मागत होते.

आणि शेवटचं भांडण तर चालूच होतं. लॅबमध्ये मला सुपरवायझरची जागा देऊ केली होती, पगारी, तुझ्यासारखीच एक्झेम्प्ट. तुला केवढा आनंद झाला. "आता कार्ड सुटलं बघ," म्हणालास. मी म्हटलं, "म्हणजे सुजाता संध्याकाळी कुणाकडे?" तू म्हणालास, "सोमवारी हो म्हणून टाक, मग बघू." तो सोमवार आला तेव्हा तू नव्हतास. मागच्या आठवड्यात मी त्यांना नाही म्हणून सांगितलं. तू माझ्यावर चिडला असतास. समोर बसून, हातवारे करून, मला नीट समजावून सांगितलं असतंस की मी कशी चुकतेय. ते ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. निर्णय मात्र बदलला नसता.

तुला निरोप द्यायला बुधवारी दुपारी आम्ही सगळे जमलो, तेव्हा तुझं अख्खं खातं आलं होतं. कामाचा दिवस, तरी झाडून सगळे. आपली माणसं पुढे बसली होती, पांढऱ्या कपड्यांत, वंदना म्हणत, आणि मागे ही सगळी अमेरिकन मंडळी, काळ्या कपड्यांत, कधी उभं राहायचं ते एकमेकांकडे बघून ठरवत. सुजाताने मागे वळून पाहिलं. तिने मला विचारलं, ऑफिसला आज सुट्टी आहे का? शेजारी अविनाश होता. तो तिला म्हणाला, "नाही बेटा, सगळ्यांनी कॉम्प टाकलाय. युअर डॅडसाठी."

तिने पुन्हा मागे वळून पाहिलं. मग म्हणाली, "डॅडी कुड हॅव टेकन वन टू."

अविनाश उठून बाहेर गेला. मीच तिचा हात धरून बसले. तिला रागवावं की जवळ घ्यावं ते मला कळेना. ती काही टोमणा मारत नव्हती. तिला खरंच एवढंच म्हणायचं होतं.

आता शाळेला सुट्टी लागली की मी तिला घेऊन नागपूरला जाणार आहे. सहा आठवडे. हॉस्पिटलने रजा दिली, अर्ज केला आणि मिळाली. तुझ्याशिवाय जायचं माझ्या जिवावर आलंय. तिथे गेल्यावर आधी कुणाकडे बघायचं हेसुद्धा मला सुचत नाही. पण त्यांची नात त्यांच्या मांडीवर बसली पाहिजे, मोठी झाली असली तरी.

हे मामाजींना सांगायला रविवारी सकाळी फोन लावला. शेजारच्या मास्तरांकडे फोन आहे, त्यांनी मामाजींना बोलावून आणलं. तुझी बातमी कळवली तेव्हा ते काहीच बोलू शकले नव्हते, मास्तरच बोलले होते. या वेळी मात्र आवाज आला. "जयभीम, पोरी," म्हणाले. आम्ही येतोय म्हणून मी सांगितलं. ते म्हणाले, "ये. पोरीले घेऊन ये." मग विचारलं, "शशी, त्याले सुट्टी नाही भेटली का गं कधी?"

मी म्हटलं, "काम फार होतं, मामाजी."

पुलाचं मी त्यांना सांगितलं नाही. ते मी कधीच सांगणार नाही. तो दिवस त्यांच्या तरी लक्षात आहे की नाही कोण जाणे, कारण ते जे बोलले ते भलतंच होतं. म्हणाले, "माहं तं बरं होतं पोरी. भोंगा वाजला का मी घरी. मिस्त्री म्हणे थांब, मी थांबत नोतो. आठ तास झाले ना तुझे, म्हणो, आता माहं पोरगं वाट पाहते. त्यानं लहानपणी एक दिवस माह्याशिवाय जेवण केलं नाही. बसून राहे ताटावर. आई रागवे, पण मी येईस्तोवर हात नाही लावे."

हे तू मला कधी का सांगितलं नाहीस, मनोहर? गेटबाहेरची एक सकाळ तेवढी सांगितलीस. मामाजी रोज संध्याकाळी तुझ्या ताटाशी येऊन बसायचे, हे तू विसरलास का? मला तेव्हा ठाऊक असतं तर मी तुझ्या हातातलं पेन धरून खरे आकडे लिहवून घेतले असते. तुझ्या बापाने त्या आठ तासांवर एक मिनिट कुणाला जास्त दिलं नाही, आणि तू त्याच्याच त्या अपमानापायी सगळ्या संध्याकाळी देऊन बसलास.

फोनवर मास्तरांच्या घरातली माणसं बोलत होती, भांडी वाजत होती. तिथे जेवायची वेळ झाली होती. मामाजींनी विचारलं, "मनोहर पोरीसोबत जेवत होता ना गं रोज?"

सुजाता माझ्या शेजारी उभी होती, फोनला कान लावून. तिला आता मराठी चांगलं कळतं. ती माझ्याकडे बघत होती.

"हो, मामाजी," मी म्हटलं. "रोज."